तीन चाकी मोटरसायकल: शंभरला थरथर आणि रेस सोडली की 'टक', कुठून येतंय?

तीनचाकी_प्रवासी

नमस्कार मंडळी. गाडी पुढे दोन चाकं, मागे एक अशी. बेल्ट ड्राइव्ह, क्लच हाताचा, मागचा टायर २२५/५० आर १५. दोन तक्रारी आहेत आणि त्या एकाच गोष्टीच्या आहेत की वेगवेगळ्या हेच कळत नाहीये.

पहिली, ९५ ते १०८ च्या मधे कधीतरी सीटखाली आणि पायाखाली बारीक थरथर सुरू होते, आरशातलं चित्र पुसट होतं, ११० च्या पुढे गेलं की बरीच कमी होते. दुसरी, हळू चालवताना रेस सोडली की मागून 'टक', परत रेस दिली की परत 'टक', गर्दीतून गाडी काढताना तर सतत. टायर मधे बदलला होता, पण थरथर त्याच्या आधी होती की नंतर सुरू झाली ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण हळूहळू वाढत गेलीय.

एकानं सांगितलं टायर बॅलन्स कर, दुसरा म्हणाला बेल्ट बदल, तिसरा म्हणाला मागचं बेअरिंग गेलंय. तिन्ही केलं तर खर्च होईलच, पण मुळात दुखणं काय होतं ते कधीच कळणार नाही, आणि मला ते कळायला हवंय. सुरुवात कुठून करू?

पानागडी

पान्याला हात लावायच्या आधी आवाज कशाच्या मागे धावतोय ते शोधा. तीनच शक्यता असतात. गाडीच्या वेगामागे, इंजिनच्या फेऱ्यांमागे, नाहीतर लोडमागे म्हणजे रेस देण्या-सोडण्यामागे. हे ठरलं की अर्धी गाडी संशयातून बाद होते.

रिकामा सरळ रस्ता बघा, मागे पुढे कोणी नको. १०० ला वरच्या गिअरमधे थरथर आणा. मग तोच वेग ठेवून एक गिअर खाली घ्या. इंजिनच्या फेऱ्या वाढल्या, चाकाच्या तेवढ्याच राहिल्या. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन, क्लच, प्रायमरी (इंजिनकडून क्लचकडे ताकद नेणारा भाग) हे सगळं जवळपास सुटलं. थरथरीचा सूर बदलला किंवा ती गायबच झाली तर उलट.

मग ११५ पर्यंत जाऊन क्लच दाबा, रेस पूर्ण सोडा, आणि गाडी ९० पर्यंत आपोआप उतरू द्या. या वेळात इंजिन ओढत नाहीये, बेल्टवर ओढ जवळजवळ नाही, फक्त चाक फिरतंय आणि चाक बेल्टला फिरवतंय. थरथर तेवढीच राहिली तर टायर, रिम, बेअरिंग, ब्रेक डिस्क. खूप कमी झाली तर ताणाखालच्या वस्तू, म्हणजे बेल्ट, पुली, त्यामागचा शाफ्ट.

आणि 'टक'चं वेगळं लिहून ठेवा, ती लोडमागे धावतेय हे तुमच्या वर्णनातच आहे. ती वेगामागे नाही, त्यामुळे टायर बॅलन्सनं ती जाणार नाही हे आत्ताच सांगतो.

सरळरेषा

बेल्ट सैल असणार. थोडा ताणून बघा, माझ्या गाडीला असंच होत होतं, ताणल्यावर गेलं.

बेअरिंगवाली

सरळरेषा, गेलं हे खरं असेल पण ते का गेलं ते बघायला हवं, नाहीतर हा सल्ला पुढच्याचं नुकसान करतो. दोन पुलींच्या मधला मोकळा बेल्ट म्हणजे तंबोऱ्याची तार, त्याला स्वतःचा एक सूर असतो. तो सूर तीन गोष्टींवर ठरतो, मोकळ्या भागाची लांबी, बेल्टचं वजन आणि ताण. ताण चौपट केला तर सूर दुप्पट होतो, म्हणजे थोडं ताणल्यानं सूर थोडासाच वर सरकतो. तुमची थरथर १०० वरून सरकून समजा १२० ला गेली आणि तुम्ही १२० ला कधी जातच नाही, म्हणून 'गेली' असं वाटतं. तिला हलवणारं जे काही आहे ते तिथेच बसलेलं आहे.

आणि जास्त ताणलेला बेल्ट गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग आणि मागच्या पुलीचं बेअरिंग दोन्ही खातो. सैल बेल्ट निदान दात उडी मारून ओरडतो तरी, जास्त ताणलेला बेल्ट गुपचूप नुकसान करत राहतो. त्यामुळे ताण मॅन्युअलमधे दिलाय तेवढाच, आणि मॅन्युअल ज्या स्थितीत मोजायला सांगतं त्याच स्थितीत मोजायचा. चाक उचलून मोजलेला ताण आणि गाडी जमिनीवर असताना मोजलेला ताण वेगळे येतात, कारण स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा हलता दांडा, खालीवर झाला की पुलींमधलं अंतर बदलतं.

पण हाच गुण चाचणीसाठी फार उपयोगी आहे. ताण मर्यादेच्या आत किंचित बदलला आणि थरथर वेगळ्या वेगाला सरकली, तर बेल्ट त्यात सामील आहे हे सिद्ध झालं. ताण बदलूनही थरथर ठाम त्याच वेगाला राहिली तर बेल्ट निर्दोष.

तीनचाकी_प्रवासी

दोघांचे आभार. पानागडींनी सांगितलेलं करून आलो. गिअर बदलला तरी थरथर त्याच वेगाला, म्हणजे इंजिन सुटलं. क्लच दाबून उतरताना मात्र गोंधळ आहे, थरथर कमी होते पण पूर्ण जात नाही. वरची बारीक झिणझिण गेली आणि खाली एक जाडसर डुगडुग शिल्लक राहिली असं काहीसं. दोन थरथरी एकावर एक बसल्यासारख्या वाटतात, की हा माझा भास?

बेअरिंगवाली

भास नाही, नीट ऐकलंत तुम्ही. दोन असू शकतात आणि असतातही, म्हणूनच लोक एक वस्तू बदलतात, अर्धा फरक पडतो, आणि मग कंटाळून सोडून देतात. आता आकडे काढूया म्हणजे अंदाजाचं काम संपेल.

तुमचा टायर २२५/५० आर १५. रिम १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. टायरची भिंत २२५ च्या ५० टक्के म्हणजे ११२.५, ती वर आणि खाली दोन्हीकडे धरली की एकूण व्यास ६०६ मिमी. घेर साधारण १.९ मीटर. १०० किमी ताशी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, भागा, चाकाच्या सेकंदाला १४.६ फेऱ्या. वजनाखाली टायर दबतो म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त, १५ धरा. हा तुमच्या चाकाचा आकडा. टायर, रिम, डिस्क, मागची पुली यांतलं काहीही असमतोल किंवा वाकडं असेल तर ते सेकंदाला १५ वेळा धक्का देणार, दुसरा आकडा त्यांना देता येत नाही. फक्त टायर अंडाकृती असेल तर फेरीत दोनदा, म्हणजे ३०.

आता दोन्ही पुलींचे दात मोजून सांगा, आणि बेल्टचे पण. बेल्टचे मोजताना एका दातावर खडूनं खूण करा, गाडी न्यूट्रलमधे, किल्ली काढलेली, चाक हातानं फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चाक वर उचलून बेल्टजवळ हात न्यायचा नाही, कोणी कितीही सवयीनं करत असेल तरी नाही. बेल्ट आणि पुलीच्या मधे बोट गेलं तर ते काढायला वेळ मिळत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे लावा, कारण बऱ्याच गाड्यांचा पार्किंग ब्रेक मागच्या चाकावरच असतो आणि तेच चाक तुम्ही उचलणार आहात. शिवाय ज्या गाड्यांना स्टॅबिलिटी कंट्रोल आहे त्यांत मागचं चाक फिरतंय आणि पुढची उभी आहेत असं दिसलं की गाडी फॉल्ट दाखवू शकते, तेही नको.

मागेदोन

मधेच विचारतो, माझी उलट आहे, पुढे एक मागे दोन, मधे डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा. ८० ला रेस सोडली की मागून 'ऊंऽऽ' असा विमानासारखा आवाज येतो, रेस दिली की बंद. थरथर अजिबात नाही. हे पण याच पद्धतीनं?

पानागडी

पद्धत तीच, संशयित वेगळे. रेस सोडल्यावर येणारं आणि रेस दिल्यावर जाणारं रडणं क्राऊन-पिनियनचं, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचं लक्षण आहे. दाताची एक बाजू ओढताना लागते आणि दुसरी बाजू इंजिन ब्रेकिंगला. एकाच बाजूला आवाज म्हणजे दात एकमेकांवर चुकीच्या जागी टेकतायत, पिनियनचं बेअरिंग सैल झालेलं असू शकतं. आधी तेल बघा, पातळी आणि रंग दोन्ही, आणि ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काय लागलंय ते. बारीक राखाडी पेस्ट चालते, चमकणारे कण किंवा चिमटीत जाणवणारे तुकडे चालत नाहीत. मग पिनियनच्या बाजूची पुली किंवा फ्लँज हातानं पुढेमागे, वरखाली ओढा. वरखाली जराही हलली तर बेअरिंग. डिफ उघडून शिम (दातांची जागा ठरवणाऱ्या पातळ चकत्या) बदलणं हे ज्याच्याकडे डायल गेज आहे आणि जो दातांना रंग लावून ठसा वाचतो त्याचंच काम.

वळणावर वेगळा आवाज येतो का तेही बघा. वळताना 'कटकटकट' आली तर ॲक्सलचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वाकत फिरणारा सांधा.

मागेदोन

वळणावर काही नाही. तेल बघून सांगतो.

रात्रपाळी

वळणाचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण दोन चाकीवरून आलेले लोक इथे हमखास फसतात. दोन चाकी वळणात झुकते, त्यामुळे बेअरिंगवर वजन साधारण सरळच पडतं. झुकू न शकणारी तीन चाकी वळणात वजन बाहेरच्या चाकावर फेकते. त्यामुळे पुढे दोन चाकं असतील तर डावीकडे लांब वळण घेताना उजव्या चाकावर भार, तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर. उजवीकडे वळताना वाढली तर डाव्यावर. चाक न उचलता, काही न उघडता कळतं. झुकणाऱ्या तीन चाकींना, म्हणजे पियाजिओ एमपी३ किंवा यामाहा निकेन यांना ही युक्ती तितकी लागू होत नाही.

आणि बेअरिंगची घरघर वेगाबरोबर चढत जाते, एका ठराविक पट्ट्यात येऊन परत जात नाही. धागाकर्त्याची थरथर ९५ ला येते आणि ११० ला जाते, म्हणून मला तरी बेअरिंग पहिल्या नंबरवर वाटत नाही.

टायरबद्दल पण. न झुकणाऱ्या गाडीचा मागचा टायर सपाट असतो आणि मधोमध आधी झिजतो. हवा जास्त भरली तर अजूनच. मधे गुळगुळीत आणि कडेला नवा असा टायर कितीही बॅलन्स केला तरी गुणगुणतोच.

तीनचाकी_प्रवासी

मोजले. पुढची पुली ३० दात, मागची ७२, बेल्ट १५०.

बेअरिंगवाली

छान, आता तुमच्या गाडीचा तक्ता तोंडी मांडते, १०० च्या वेगाला.

चाक आणि मागची पुली: १५ च्या आसपास. पुढची पुली आणि आउटपुट शाफ्ट: ७२ भागिले ३० म्हणजे २.४ पट, म्हणजे ३६ च्या आसपास. बेल्टची अख्खी फेरी: बेल्ट १५० दातांचा, चाकाच्या एका फेरीत ७२ दात सरकतात, म्हणजे बेल्टच्या एका फेरीत चाक दोनदा फिरून वर थोडं, सेकंदाला ७ फेऱ्या. दात बसण्याचा आवाज: ७२ गुणिले १५, हजाराच्या वर, ती थरथर नसते, तो शिट्टीसारखा सूर असतो आणि तो कानाला ऐकू येतो, अंगाला जाणवत नाही.

आता फोनमधे कंपन मोजायचं कुठलंही ॲप घ्या. फोनचा सेन्सर बऱ्याचदा सेकंदाला १०० नोंदी घेतो, त्यामुळे ५० पर्यंतचे कंपन त्यात दिसतात, त्यावरचे नाही. आपल्याला ७, १५, ३० आणि ३६ हवेत, सगळे आत आहेत. फोन हातात धरायचा नाही, खिशात नाही, सीटच्या फ्रेमला घट्ट बांधायचा. फोनमधल्या जीपीएसवरचा वेग धरा, मीटरवरचा नको, कारण मीटर साधारणपणे खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. रेस स्थिर ठेवून नोंद घ्या, नंतर क्लच दाबून उतरताना वेगळी नोंद. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघायचं नाही, रेकॉर्डिंग लावून द्या आणि घरी बघा.

नोंदीच्या आलेखात सेकंदाला १५ च्या जागी टोक, म्हणजे उंच वर गेलेली रेघ दिसली तर टायर-रिम, ३० ला दिसलं तर गोलाई, ३६ ला दिसलं तर पुढची पुली आणि शाफ्ट, ७ ला दिसलं तर बेल्टच्या एका जागी जखम. बेल्टमधे खडा घुसून भोक पडलं असेल किंवा कधी कोणी बेल्ट काढून तो घडी घातल्यासारखा वाकवला असेल तर आतले धागे त्या जागी तुटतात, आणि बाहेरून तो बेल्ट नवा दिसतो.

सरळरेषा

हे आधी माहीत नव्हतं, मी पण माझ्या गाडीचं मोजतो. बेअरिंगवालीताई, एक शंका, इंजिनची थरथर पण या आकड्यांच्या मधे येऊन घोळ घालणार नाही का?

बेअरिंगवाली

येऊ शकते म्हणूनच पानागडींनी गिअर बदलून बघायला लावलं. इंजिन ३००० आरपीएमला म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या, गिअर बदलला की तो आकडा उडी मारतो, चाकाचा जागेवर राहतो. एकाच वेगाला दोन गिअरमधे दोन नोंदी घ्या, जे टोक सरकलं ते इंजिनचं.

तीनचाकी_प्रवासी

नोंदी आल्या. रेस ठेवून १०० ला दोन टोकं, एक १५ आणि दुसरं ३५-३६, दुसरं मोठं. क्लच दाबल्यावर ३६ वालं निम्म्याहून कमी, १५ वालं जसंच्या तसं. ७ ला काही नाही, ३० ला अगदी किरकोळ. म्हणजे खरंच दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग पुढच्या पुलीचं कव्हर उघडलं. बोल्टच्या वॉशरभोवती आणि पुलीच्या मध्यावर विटकरी रंगाची बारीक पूड. मला वाटलं रस्त्याची धूळ, पण बाकी कुठेच त्या रंगाची धूळ नाही. हे काय?

पानागडी

तुमची 'टक' सापडली बहुतेक.

ती धूळ नाही, ते लोखंड आहे. शाफ्टला खाचा असतात ज्यांना स्प्लाईन म्हणतात, पुलीला आतून तशाच खाचा, दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. तिथलं ग्रीस सुकलं किंवा बोल्टचा ताण कमी झाला की पुली शाफ्टवर अगदी केसाएवढी हलायला लागते. रेस दिली की एका बाजूला टेकते, सोडली की दुसऱ्या बाजूला. प्रत्येक हालचालीत पोलादाचे सूक्ष्म कण घासून निघतात, ते लगेच गंजतात, आणि तो गंज स्वतःच पॉलिश पेपरचं काम करतो, त्यामुळे झीज वाढतच जाते. विटकरी पूड म्हणजे तेच.

आता बेल्ट मोकळा करा आणि गिअरमधे ठेवून पुढची पुली दोन्ही हातांनी उलटसुलट फिरवा. शाफ्ट थांबलेला असताना पुली जराही फिरली तर स्प्लाईन झिजलेत. शाफ्टच पुलीबरोबर हलतो आणि आतून आवाज येतो तर तो गिअरबॉक्समधला नेहमीचा प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे, तो थोडा असायचाच, त्याला घाबरू नका. नजर पुली आणि शाफ्टच्या सांध्यावर ठेवा. शक्य असेल तर पुली आणि शाफ्टच्या टोकाला मिळून एक सरळ पांढरी रेघ ओढा, रेघ तुटताना दिसली की संपलं.

रात्रपाळी

आणि मागचं पण सोडू नका. मागच्या पुलीच्या आत चाकाच्या हबमधे रबराचे ठोकळे असतात, धक्का पचवायला. ते कडक किंवा चपटे झाले तरी हुबेहूब अशीच टक येते. चाक ब्रेकनं धरून पुली हलवून बघा. रबराचा प्ले मऊ लागतो, हाताला दबल्यासारखा. स्प्लाईनचा प्ले कोरडा, धातूवर धातू. हाताला लगेच फरक कळतो.

तीनचाकी_प्रवासी

मागचे रबर व्यवस्थित आहेत, दाबल्यावर परत येतात. पुढची पुली मात्र शाफ्टवर हलतेय, पांढरी रेघ स्पष्ट तुटली. पुली आणि शाफ्ट दोन्ही बदलावं लागेल का? शाफ्ट बदलायचा म्हणजे गिअरबॉक्स उघडायचा, ते ऐकूनच पोटात गोळा आला.

पानागडी

आधी शाफ्ट साफ करून बघा, घाबरायचं नंतर. पुली काढा, दोन्ही बाजूच्या खाचा ब्रेक क्लीनर आणि ब्रशनं पूर्ण स्वच्छ करा. दात वरून चौकोनी आहेत की सुरीसारखे टोकदार झालेत ते बघा, बाजूला पायरी पडलीय का ते नखानं चाचपा. शाफ्टच्या ज्या भागावर पुली बसत नव्हती तो भाग कोरा असतो, त्याच्याशी तुलना करा. आणि सगळ्यात पक्की कसोटी म्हणजे नवी पुली जुन्या शाफ्टवर कोरडी चढवून हलवून बघायची. नवी पुली घट्ट बसली तर शाफ्ट चालेल. नवीही हलली तर शाफ्ट गेला, मग पळवाट नाही, कोणी खाचांत चिकट द्रव भरून बसवून देतो म्हणाला तर ऐकू नका. तो भरला की काही काळ आवाज जातो, नंतर पुली निघतही नाही आणि झीज आत चालूच राहते.

बसवताना खाचांना मॉलिब्डेनमवाली पेस्ट पातळ थरात, साधं ग्रीस नको, ते फिरण्यानं बाहेर फेकलं जातं. बोल्टच्या आट्यांवर पेस्टचा थेंबही जाऊ देऊ नका, तिथे आटे घट्ट धरणारा द्रव लागतो आणि तो कोरड्या स्वच्छ आट्यांवरच काम करतो. बोल्ट नवा, टॉर्क रेंचनं, आकडा मॅन्युअलचा. अंदाजानं आवळलेला बोल्ट हेच या दुखण्याचं एक मूळ असतं.

बेअरिंगवाली

पानागडींच्या पोस्टला अनुमोदन. आणि थरथरीशी याचा संबंध असा लागतो की झिजलेल्या खाचांवर पुली शाफ्टच्या बरोबर मध्यावर राहत नाही, किंचित एका बाजूला बसते. मग ती प्रत्येक फेरीत बेल्टला एकदा ओढते, एकदा सोडते, सेकंदाला ३६ वेळा. तुमच्या मोकळ्या बेल्टचा स्वतःचा सूर त्याच्याच आसपास असला की बेल्ट जोरात फडफडतो, आणि वेग वाढवून तुम्ही त्या सुरापासून लांब गेलात की शांत. म्हणून ९५ ते १०८ चा पट्टा. क्लच दाबल्यावर बेल्टवरची ओढ बदलते, सूर खाली सरकतो, म्हणून ३६ वालं टोक लगेच लहान झालं.

काही लोक यासाठी मोकळ्या बेल्टला टेकणारा रोलर बसवतात. त्यानं मोकळी लांबी तुटते आणि फडफड थांबते, चांगली गोष्ट आहे, पण ती निरोगी पुलीवर. हलणाऱ्या पुलीवर रोलर लावला तर इशारा देणारी थरथर बंद होईल आणि शाफ्ट आत झिजत राहील. आधी पुली, मग गरज उरली तरच रोलर.

पुली बसवल्यावर बेल्टचा ताण चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच जागी मोजा. एका जागी कडक एका जागी सैल येत असेल तर अजून काहीतरी मध्यावरून सरकलेलं आहे.

मागेदोन

तेल काढलं. काळं आणि पातळी बरीच कमी, चुंबकावर नुसती पेस्ट, तुकडे नाहीत. पिनियन वरखाली हलत नाही. नवीन तेल मॅन्युअलच्या ग्रेडचं भरलं, आवाज निम्मा झाला पण आहे.

पानागडी

तेल कमी असताना बराच चालला असेल तर दातांवर थोडी झीज झालेली असणार, ती परत येत नाही. तेल कुठून गेलं ते आधी शोधा, ॲक्सल सील आणि पिनियन सील पुसून कोरडे करा आणि एक लांब फेरी मारून परत बघा. आवाज वाढत नसेल तर चालवा, पण पातळी वारंवार तपासत राहा.

तीनचाकी_प्रवासी

उशीर झाला सांगायला, पुली यायला वेळ लागला. शाफ्ट वाचला! खाचा जरा चकाकल्यात पण पायरी नाही, नवी पुली कोरडी चढवली तेव्हा घट्ट बसली. जुन्या पुलीच्या आतल्या खाचा मात्र एका बाजूनं चांगल्याच खाल्लेल्या. पेस्ट, नवा बोल्ट, टॉर्क, सगळं पानागडींनी सांगितल्याप्रमाणे. ताण चारही जागी सारखा येतोय.

टक पूर्ण बंद, गर्दीत गाडी काढताना आता काहीच लागत नाही, मला खरंच फार बरं वाटतंय. नोंदीत ३६ वालं टोक शोधावं लागतं इतकं लहान झालं. पण १५ वालं तसंच आहे, १०० ला जाडसर डुगडुग अजून जाणवते. टायर बॅलन्स करून आणलं, थोडाच फरक पडला.

रात्रपाळी

बॅलन्स करूनही १५ उरतोय तर वजनाचा प्रश्न संपला आणि गोलाईचा उरला. फेरीत एकदाच उंचवटा येत असेल तर तो १५ लाच दिसणार. असमतोल चाक आणि मध्यावरून सरकलेला टायर, दोघांचा आकडा एकच असतो, मशीन फक्त पहिला पकडतं.

चाक उचला, टायरजवळ एखादी सळई किंवा पेन घट्ट बांधा, टोक टायरपासून कागदाएवढं लांब, आणि हळू फिरवा. फट कुठे वाढते कुठे कमी होते ते खडूनं लिहा. मग टोक रिमच्या कडेवर आणून तेच परत करा. रिम सरळ आणि टायर वाकडा असेल तर आता टायरच्या भिंतीवर रिमच्या अगदी जवळ जी बारीक गोल रेघ असते ती बघा. त्या रेघेचं रिमच्या कडेपासूनचं अंतर सगळीकडे सारखं हवं. एका जागी रेघ रिमच्या आत बुडालेली दिसली तर टायर तिथे पूर्ण बसलेलाच नाही. बसवताना कड कोरडी राहिली की असं होतं.

तीनचाकी_प्रवासी

हो! पेननं बघितलं, रिम सरळ, टायर एका जागी आत. आणि ती रेघ तिथेच जवळजवळ दिसत नाही, उलट बाजूला बोटभर बाहेर.

रात्रपाळी

मग टायर बदलायचा नाही, फक्त परत बसवायचा. हवा पूर्ण काढून कड दोन्ही बाजूंनी रिमपासून सुटी करायची, रिमची बसायची जागा घासून स्वच्छ, टायर बसवायचं वंगण दोन्ही कडांना सढळ हातानं, आणि व्हॉल्व्हची पिन काढून हवा भरायची म्हणजे ती जोरात जाते. कड बसवताना जास्तीत जास्त किती दाब चालतो ते बऱ्याच टायरच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, त्यापुढं अजिबात जायचं नाही, नाही बसला तर हवा काढून परत वंगण लावायचं. हे टायरवाल्याकडे पिंजऱ्यात करून घेतलेलं बरं. मग रेघ दोन्ही बाजूंनी तपासा, आणि त्यानंतरच बॅलन्स, कारण आधीचं बॅलन्स वाकड्या बसलेल्या टायरचं आहे, ती वजनं आता चुकीच्या जागी असतील.

तीनचाकी_प्रवासी

झालं. जुनी वजनं काढायला लावली, टायर परत बसवला, रेघ सगळीकडे सारखी, नव्यानं बॅलन्स. १०० ला आरशात मागच्या गाडीचा नंबर वाचता येतो. नोंदीत १५ ला बारीकसं टोक आहे, तेवढं बहुधा कुठल्याही टायरला असेल. दोन्ही नोंदींचे आकडे लिहून ठेवलेत, पुढे काही वाढलं तर तुलनेला.

पानागडी, पुलीचा बोल्ट परत कधी बघू?

पानागडी

कव्हर उघडायला सोपं असेल तर पहिल्या हजारभर किलोमीटरला एकदा बघा. बोल्ट परत आवळायला जाऊ नका, आट्यातला द्रव तुटेल. बोल्टवर आणि पुलीवर मिळून आत्ताच रंगाची रेघ मारून ठेवा, रेघ जुळलेली आहे आणि विटकरी पूड नाही एवढं पुरे. बेल्टचा ताण तेव्हाच मोजा.

मागेदोन

ॲक्सल सील गळत होतं, डावीकडचं. बदलायला टाकलंय. उजवीकडचं पण सोबत बदलू का?

पानागडी

तेल एकाच बाजूनं येत असेल आणि उजवं कोरडं असेल तर राहू द्या. डावं काढलंय तर ॲक्सलवर सील जिथे घासतं ती जागा नखानं चाचपा, खोबण पडली असेल तर नवं सीलही गळणार.